अमेरिकी कॉलेज बेसबॉल प्रशिक्षकाची कारकीर्द अचूक कशी नोंदवावी

अमेरिकी कॉलेज बेसबॉलमधील एखाद्या प्रशिक्षकाविषयी मराठीत लिहिलेली टिपणे वाचताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा आढळतात. विद्यापीठाची सगळी विजेतेपदे प्रशिक्षकाच्या नावावर टाकली जातात, नेमणुकीचे वर्ष हाच पहिला हंगाम समजला जातो, सहायक म्हणून काढलेली वर्षे मुख्य प्रशिक्षकपदात मिसळली जातात आणि शेवटी एकूण विजयांचा आकडा कुठून तरी उचलून चिकटवला जातो. माहिती मिळत नाही म्हणून असे होते, असे मला वाटत नाही, कारण ही माहिती भरपूर उपलब्ध आहे. कामाचा क्रम उलटा असतो, आधी परिच्छेद लिहिले जातात आणि मग त्यांत बसतील असे आकडे शोधले जातात. पुढे दिलेल्या पद्धतीत आधी हंगामवार तक्ता तयार होतो आणि तो पुरा झाल्याशिवाय मजकुराचे एकही वाक्य लिहिले जात नाही.

उदाहरणासाठी मुख्यतः ऑगी गॅरिडो यांची कारकीर्द घेतली आहे. ती १९६९ ते २०१६ अशी लांबलचक आहे, पाच विद्यापीठांत विभागलेली आहे आणि नवख्या लेखकाला अडकवणारा जवळजवळ प्रत्येक खड्डा तिच्यात आहे.

## पूर्वतयारी

काम सुरू करण्यापूर्वी तीन प्रकारची साधने हाताशी असावीत. पहिले म्हणजे प्रशिक्षकाने काम केलेल्या प्रत्येक विद्यापीठाची बेसबॉलची नोंदपुस्तिका. बहुतेक विद्यापीठांच्या क्रीडा विभागाच्या संकेतस्थळावर ती मिळते आणि तिच्यात वर्षवार निकाल असतात. दुसरे, एनसीएए या अमेरिकी कॉलेज क्रीडांच्या नियामक संस्थेची अधिकृत विक्रमपुस्तिका. तिसरे, नेमणूक आणि पद सोडणे यांविषयीची त्या त्या काळातील वृत्तपत्रीय बातमी. प्रशिक्षकावरचे गौरवलेख, मृत्यूनंतरचे लेख किंवा सन्मानयादीतील परिचय यांचा उपयोग दिशा मिळण्यापुरता करावा, आकड्यांसाठी करू नये. गौरवाच्या भरात लिहिणारा माणूस सहसा वरच्या बाजूचा आकडा निवडतो.

मग एक तक्ता आखावा. त्यात हंगाम, विद्यापीठ, पद, स्पर्धेची श्रेणी, विजय, पराभव, बरोबरी, कॉन्फरन्समधील (म्हणजे आपसांत खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटातील) निकाल, राष्ट्रीय स्पर्धेतील मजल आणि माहितीचे साधन असे रकाने असावेत. शेवटचा रकाना कंटाळवाणा वाटतो, पण दोन साधनांत तफावत आढळते तेव्हा तोच कामाला येतो.

पडताळा: प्रत्येक ओळ एका हंगामाची असावी. ‘१९७३–८७’ असा गठ्ठा एका ओळीत टाकलेला दिसला, तर तक्ता अजून तयार झालेला नाही असे समजावे.

## १. व्यक्ती आणि पद निश्चित करणे

सर्वप्रथम आपण नेमक्या कोणाविषयी लिहीत आहोत हे पक्के करावे. ही सूचना बाळबोध वाटेल, पण फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात माइक मार्टिन १९८० ते २०१९ पर्यंत मुख्य प्रशिक्षक होते आणि त्यांच्या जागी २०२० च्या हंगामापासून त्यांचेच पुत्र माइक मार्टिन ज्युनियर आले. संघाच्या वर्षवार यादीत केवळ नाव शोधत गेलेला लेखक वडिलांच्या कारकिर्दीत मुलाचे तीन हंगाम सहज मिसळू शकतो.

त्यानंतर पद पाहावे. क्रिकेटमध्ये जय-पराजयाचा हिशेब कर्णधाराच्या नावावर ठेवण्याची आपल्याला सवय आहे. कॉलेज बेसबॉलमध्ये तो मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर असतो आणि फक्त त्याच्याच. सहायक प्रशिक्षकाने गोलंदाजांची, म्हणजे पिचर्सची, सारी जबाबदारी पेलली असली किंवा नव्या खेळाडूंची भरती एकहाती सांभाळली असली, तरी त्या वर्षांतील विजय त्याच्या खात्यात धरले जात नाहीत. सहायकपदाचे हंगाम तक्त्यात जरूर असावेत, मात्र जय-पराजयाचे रकाने तेथे रिकामे ठेवावेत. जुन्या सहायकांपैकी काही जण ‘स्वयंसेवक सहायक’ या पदावर असत. त्या पदाला विद्यापीठाकडून पगार देण्यास मनाई होती आणि एनसीएएने हे पदच २०२३ मध्ये रद्द केले. त्यामुळे एखाद्याच्या कारकिर्दीच्या आरंभी असे एक-दोन हंगाम दिसले, तर त्यांना मधली पोकळी समजून गाळू नये.

संयुक्त प्रशिक्षकपद हा तिसरा प्रश्न आहे. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे रॉड डीडो यांच्या नावावर ११ राष्ट्रीय विजेतेपदे सांगितली जातात. त्यांपैकी पहिले, १९४८ चे, त्यांनी आणि सॅम बॅरी यांनी संयुक्तपणे संघ सांभाळत असताना मिळाले. ‘११ विजेतेपदे, त्यांतील एक संयुक्त’ असे लिहिले की वाद उरत नाही.

## २. हंगामांची ओळ लावणे

कॉलेज बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यावर सुरू होतो आणि जूनमध्ये राष्ट्रीय स्पर्धेने संपतो, तर नेमणुका बहुधा जून ते ऑगस्ट या काळात, म्हणजे हंगाम आटोपल्यावर होतात. त्यामुळे नेमणुकीचे वर्ष आणि पहिल्या हंगामाचे वर्ष यांत जवळजवळ नेहमीच एकाचा फरक पडतो. गॅरिडो टेक्सस विद्यापीठात १९९६ च्या उन्हाळ्यात आले. त्यांचा तेथील पहिला हंगाम १९९७ चा. १९९६ च्या हंगामात टेक्ससने जिंकलेले सामने त्यांच्या आधीचे प्रशिक्षक क्लिफ गुस्ताफसन यांचे आहेत आणि त्याच हंगामात गॅरिडो स्वतः कॅल स्टेट फुलर्टन या विद्यापीठात होते. नेमणुकीचे वर्ष हंगाम म्हणून धरले, तर एकच माणूस एकाच वसंतात दोन संघ सांभाळताना दिसू लागतो.

गॅरिडो यांची ओळ अशी लागते: सॅन फ्रान्सिस्को स्टेट १९६९, कॅल पॉली सॅन लुइस ओबिस्पो १९७० ते १९७२, कॅल स्टेट फुलर्टन १९७३ ते १९८७, इलिनॉय १९८८ ते १९९०, पुन्हा फुलर्टन १९९१ ते १९९६, टेक्सस १९९७ ते २०१६. हंगामांची बेरीज १, ३, १५, ३, ६ आणि २० मिळून ४८ होते. पहिल्या आणि शेवटच्या वर्षाची नुसती वजाबाकी केली तर ४७ येतात, आणि छापील टिपणांत हीच चूक मला सर्वाधिक दिसली आहे. दोन्ही टोकांची वर्षे मोजायची असतात.

सावधान: एकाच विद्यापीठात दोनदा काम केलेल्या प्रशिक्षकाच्या दोन कालखंडांना जोडून एक करू नये. फुलर्टनचा कालखंड कोणी ‘१९७३ ते १९९६’ असा लिहिला, तर मधल्या तीन हंगामांत तेथे लॅरी कोचेल प्रशिक्षक होते आणि फुलर्टनचा संघ १९८८ व १९९० मध्ये कॉलेज वर्ल्ड सिरीजला, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या टप्प्याला, त्यांच्याच हाताखाली गेला, ही गोष्ट पुसली जाते. कोचेल यांचे श्रेय गॅरिडो यांच्या खात्यात जाते ते वेगळेच.

## ३. श्रेणी तपासणे

आजच्या एनसीएएमध्ये डिव्हिजन वन, टू आणि थ्री अशा तीन श्रेणी आहेत, एनएआयए ही निराळी संस्था आहे आणि दोन वर्षांच्या ज्युनियर कॉलेजांच्या स्पर्धा आणखी वेगळ्या चालतात. तीन श्रेणींची ही रचना १९७३ मध्ये आली. त्याआधी ‘युनिव्हर्सिटी डिव्हिजन’ आणि ‘कॉलेज डिव्हिजन’ असे दोनच भाग होते. म्हणून १९६९ चा कोणताही विजय ‘डिव्हिजन वनमधील विजय’ म्हणून लिहिणे कालविपर्यास ठरते.

गॅरिडो यांची पहिली दोन विद्यापीठे कॉलेज डिव्हिजनमध्ये होती आणि फुलर्टनचा संघ १९७५ च्या हंगामापासून डिव्हिजन वनमध्ये खेळू लागला. गंमत अशी की त्या पहिल्याच वर्षी तो कॉलेज वर्ल्ड सिरीजपर्यंत पोहोचला. त्यांच्या एकूण विजयांत १९६९ ते १९७४ या सहा हंगामांतील विजय सामील आहेत, आणि ते असणे योग्यच आहे, कारण चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाच्या महाविद्यालयांतील विजय एकूण हिशेबात घेण्याची रीत आहे. अडचण शब्दयोजनेची आहे. ‘डिव्हिजन वनमध्ये १,९७५ विजय’ हे चूक. ‘मुख्य प्रशिक्षक म्हणून कॉलेज बेसबॉलमध्ये १,९७५ विजय’ हे बरोबर.

शालेय संघ, ज्युनियर कॉलेज आणि उन्हाळी लीग येथील निकाल या बेरजेत मिळवू नयेत. गुस्ताफसन यांनी टेक्ससला येण्यापूर्वी शालेय पातळीवर अनेक राज्य विजेतेपदे मिळवली होती, पण ती त्यांच्या कॉलेजमधील आकड्यांच्या बाहेरच राहतात.

## ४. विजय, पराभव, बरोबरी आणि टक्केवारी

बेसबॉलमध्ये बरोबरी होत नाही, असा एक समज आहे. अमेरिकी व्यावसायिक लीगमध्ये ती अपवादानेच आढळते हे खरे, परंतु कॉलेजमध्ये अंधार, पाऊस किंवा पाहुण्या संघाच्या परतीच्या विमानाची वेळ यांमुळे सामना बरोबरीत थांबू शकतो. फुलर्टनने १९७९ चे विजेतेपद मिळवले त्या हंगामाचा निकाल ६० विजय, १४ पराभव आणि १ बरोबरी असा आहे. तिसरा आकडा छपाईची चूक समजून वगळणारे लेखक आहेत.

बरोबरीचा परिणाम टक्केवारीवर होतो. प्रचलित पद्धतीत बरोबरी म्हणजे अर्धा विजय धरला जातो: विजयांत बरोबरीच्या निम्मी भर घालावी आणि एकूण सामन्यांनी भागावे. गॅरिडो यांचा एकूण निकाल १,९७५ विजय, ९५१ पराभव, ९ बरोबरी, म्हणजे २,९३५ सामने. १,९७९.५ ला २,९३५ ने भागले की .६७४ येते. बरोबरी पूर्ण वगळली तर .६७५ येते आणि बरोबरीला पराभवासारखे वागवले तर .६७३. एकाच माणसाचे तीन वेगवेगळे आकडे तीन ठिकाणी दिसले, तर त्यांतील दोघांनी सूत्र चुकवले आहे, एवढाच त्याचा अर्थ. टक्केवारी कोठूनही उतरवून न घेता स्वतः काढावी.

एकाच हंगामातील सामन्यांची संख्या पाहून घाबरूनही जाऊ नये. सध्या नियमित हंगामात कमाल ५६ सामने खेळता येतात आणि कॉन्फरन्सची व राष्ट्रीय स्पर्धा त्यावर येते, परंतु पूर्वी ही मर्यादा इतकी कडक नव्हती. विचिटा स्टेटने १९८२ मध्ये ७३ विजय आणि १४ पराभव असे ८७ सामने खेळले होते. याउलट २०२० चा हंगाम करोनाच्या साथीमुळे मार्चमध्येच थांबला आणि राष्ट्रीय स्पर्धा झालीच नाही. त्या वर्षीच्या मोजक्या सामन्यांचे निकाल धरावेत. ‘राष्ट्रीय स्पर्धेसाठी पात्र ठरला नाही’ असे मात्र त्या ओळीत लिहू नये, ‘स्पर्धा रद्द’ असे लिहावे. शरद ऋतूतील सरावाचे सामने कोणत्याही वर्षी मोजले जात नाहीत.

सावधान: अपात्र खेळाडू खेळवल्याचे नंतर सिद्ध झाल्यास एनसीएए जुने विजय रद्द करू शकते. अशा वेळी ते विजय विद्यापीठाच्या आणि प्रशिक्षकाच्या नोंदीतून निघतात, पण प्रतिस्पर्ध्याचा पराभव तसाच राहतो, त्याला विजय दिला जात नाही. अॅरिझोना स्टेटच्या २००७ च्या हंगामातील विजय असेच काढून टाकण्यात आले. अशा हंगामासाठी मैदानावरचा निकाल आणि अधिकृत निकाल हे दोन्ही तक्त्यात ठेवावेत, बेरजेत अधिकृत निकाल घ्यावा आणि मजकुरात एका वाक्यात कारण सांगावे. कोणाच्या बाजूने वकिली करण्याची ती जागा नाही.

पडताळा: हंगामवार बेरीज आणि विद्यापीठवार बेरीज स्वतंत्रपणे कराव्यात. त्या जुळल्या नाहीत तर पुढे जाऊ नये. बहुतेक वेळा फरक एखाद्या कॉन्फरन्स स्पर्धेचे सामने सुटल्यामुळे किंवा कॉन्फरन्सचा निकाल एकूण निकालात पुन्हा मिळवल्यामुळे पडतो. कॉन्फरन्समधील सामने एकूण निकालाचाच भाग असतात.

## ५. राष्ट्रीय स्पर्धेतील मजल

सर्वाधिक गोंधळ येथे होतो, म्हणून या टप्प्याला घाई करू नये.

‘एनसीएए स्पर्धेत प्रवेश’ आणि ‘कॉलेज वर्ल्ड सिरीजमध्ये प्रवेश’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९९ पासून राष्ट्रीय स्पर्धेत ६४ संघ असतात. ते चार-चारच्या १६ गटांत, म्हणजे रिजनलमध्ये खेळतात; गटविजेते तीनपैकी दोन सामने जिंकण्याच्या सुपर रिजनलमध्ये भिडतात आणि उरलेले आठ संघ नेब्रास्का राज्यातील ओमाहा शहरी जातात. ओमाहातील या अखेरच्या टप्प्यालाच कॉलेज वर्ल्ड सिरीज म्हणतात. ही स्पर्धा १९४७ मध्ये सुरू झाली आणि १९५० पासून ओमाहात भरते. व्यावसायिक बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजशी तिचा संबंध नाही, त्यामुळे मजकुरात ‘कॉलेज’ हा शब्द आळसाने गाळला तर वाक्याचा अर्थच बदलतो.

अंतिम फेरीचे स्वरूपही वर्षाप्रमाणे पाहावे. २००३ पासून अंतिम फेरी तीन सामन्यांची मालिका असते. टेक्ससने २००५ मध्ये फ्लोरिडाला २–० असे हरवले ते या पद्धतीत. २००२ मध्ये साउथ कॅरोलिनावर मिळवलेला विजय एकाच सामन्यातला होता. जुन्या वर्षांसाठी ‘अंतिम मालिका’ हा शब्द वापरू नये.

आता श्रेयाचा हिशेब. फुलर्टनची राष्ट्रीय विजेतेपदे चार आहेत: १९७९, १९८४, १९९५ आणि २००४. टेक्ससची सहा: १९४९, १९५०, १९७५, १९८३, २००२ आणि २००५. गॅरिडो यांची त्यांपैकी पाचच, फुलर्टनची पहिली तीन आणि टेक्ससची शेवटची दोन. २००४ चे फुलर्टनचे विजेतेपद तर त्यांच्याविरुद्धच मिळाले होते, कारण त्या वर्षी अंतिम फेरीत फुलर्टनने टेक्ससला हरवले आणि विजयी संघाचे प्रशिक्षक जॉर्ज हॉर्टन हे एकेकाळी गॅरिडो यांचे खेळाडू आणि सहायक होते. विद्यापीठाच्या भिंतीवरची वर्षे पाहून लिहिणारा लेखक हे विजेतेपद हरलेल्या माणसाला बहाल करतो.

कॉलेज वर्ल्ड सिरीजमधील हजेरीही अशीच मोजावी. प्रशिक्षक म्हणून गॅरिडो तेथे १५ वेळा गेले, फुलर्टनबरोबर सात आणि टेक्ससबरोबर आठ. त्याशिवाय १९५९ मध्ये ते फ्रेस्नो स्टेटचे खेळाडू म्हणून ओमाहात होते. ही हजेरी त्यांच्या चरित्रात येते, प्रशिक्षकपदाच्या मोजणीत येत नाही.

## ६. विक्रमांची वाक्ये

विक्रमाचे वाक्य लिहिताना तीन गोष्टी एकाच वाक्यात याव्यात: कोणत्या यादीतील विक्रम, कधीपासून आणि कधीपर्यंत. गॅरिडो यांनी २००३ मध्ये गुस्ताफसन यांना मागे टाकले तेव्हा ते डिव्हिजन वनच्या प्रशिक्षकांमध्ये अव्वल झाले. सर्व श्रेणी आणि एनएआयए धरून पहिले स्थान त्यांना २०१४ मध्ये मिळाले, कारण तोवर १,८९३ विजयांसह प्रशिक्षक गॉर्डी गिलेस्पी पुढे होते. मे २०१८ मध्ये माइक मार्टिन यांनी गॅरिडो यांचा आकडा ओलांडला. त्याआधी मार्चमध्ये गॅरिडो यांचे निधन झाले होते. मार्टिन २०१९ च्या हंगामानंतर २,०२९ विजयांवर थांबले. ‘सर्वाधिक विजय मिळवणारे प्रशिक्षक’ असे बिनतारखेचे वाक्य १५ वर्षांत तीन वेगवेगळ्या अर्थांनी खरे किंवा खोटे ठरते.

विजयांच्या संख्येवरून थोरवी जोखण्याचा मोहही येथेच आवरावा. मार्टिन १७ वेळा ओमाहाला गेले आणि एकदाही विजेतेपद घेऊन परतले नाहीत. हे त्यांच्याविषयीच्या टिपणात असायलाच हवे, पण ‘मात्र’, ‘दुर्दैवाने’ अशा शब्दांनी त्याला रंग चढवण्याची गरज नाही.

## ७. मजकुराची मांडणी

तक्ता जुळला की मगच लेखन सुरू करावे. पहिल्या वाक्यात पूर्ण नाव, मुख्य ओळख आणि कालखंड यावा, उदाहरणार्थ: ‘ऑगी गॅरिडो (१९३९–२०१८) हे अमेरिकी कॉलेज बेसबॉल प्रशिक्षक होते, १९६९ ते २०१६ या ४८ हंगामांत पाच विद्यापीठांचे मुख्य प्रशिक्षकपद भूषवताना त्यांनी पाच राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली.’ त्यानंतर खेळाडू म्हणूनची वर्षे, सहायकपद असल्यास ते, आणि मग एकेक नेमणूक कालक्रमाने घ्यावी. प्रत्येक नेमणुकीच्या आरंभी संघ कोणत्या स्थितीत होता आणि अखेरीस कोणत्या, हे दोन वाक्यांत सांगितले तर वाचकाला आकड्यांचा अर्थ कळतो. प्रत्येक हंगामाला एक परिच्छेद देण्याचा अट्टहास धरू नये. सामान्य हंगाम एका वाक्यात उरकावेत आणि वळणाच्या वर्षांना जागा द्यावी.

पद सोडण्याचे वर्णन जपून करावे. टेक्ससने २०१६ चा हंगाम २५ विजय आणि ३२ पराभवांनी संपवला, त्यानंतर गॅरिडो प्रशिक्षकपदावरून दूर झाले आणि क्रीडा संचालकांचे विशेष सहायक म्हणून विद्यापीठातच राहिले. येथे ‘निवृत्त झाले’ आणि ‘काढून टाकले’ हे दोन्ही शब्द लेखकाने आपल्या पदरचे घातल्यासारखे होतात. जे जाहीर झाले तेवढे लिहावे आणि हंगामाचा निकाल त्याच्या शेजारी ठेवावा.

## ८. कार्यरत प्रशिक्षकांसाठी वेगळी काळजी

आज काम करत असलेल्या प्रशिक्षकाच्या प्रत्येक आकड्यापुढे ‘अमुक हंगामाअखेर’ असा शेरा हवा. हंगाम चालू असताना बेरीज बदलू नये, कारण दर आठवड्याला चार-पाच सामने होतात आणि अर्धवट सुधारलेला तक्ता न सुधारलेल्यापेक्षा अधिक फसवा असतो. विजयाचा आकडा बदलला आणि टक्केवारी तशीच राहिली, हा प्रकार नेहमीचा आहे.

प्रशिक्षक व्यावसायिक बेसबॉलमध्ये गेला, तर कॉलेजचा तक्ता त्याच्या शेवटच्या हंगामाशी बंद करावा. टेनेसी विद्यापीठाचे टोनी व्हिटेलो यांची नेमणूक जून २०१७ मध्ये झाली, म्हणजे पहिला हंगाम २०१८ चा. त्यांनी २०२४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ते सॅन फ्रान्सिस्को जायंट्स या व्यावसायिक संघाचे मॅनेजर, म्हणजे मुख्य प्रशिक्षक, झाले. त्यांच्या नोंदीत टेनेसीचा शेवटचा हंगाम २०२५ चा येईल. जायंट्सचे निकाल नव्या तक्त्यात, नव्या बेरजेसह आणि २०२६ पासून सुरू करावेत.